सोळातेराचा शेवटचा बोअर

मंगळवार, रात्र

परतीला नऊ टन खत भरलं होतं. कसारा चढताना दुसऱ्या गिअरमध्ये आरशात बघितलं, तर मागचा रस्ता धुरानं निळा, म्हणजे ऑइल जळतंय. इगतपुरीला गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण सैल केलं. झाकण जागेवर थरथरायला लागलं आणि खालून फकफक धूर. लासलगाव-वाशी-लासलगाव एका खेपेला आता दीड लिटर ऑइल लागतंय. दिवाळीत अर्ध्या लिटरवर भागत होतं.

गाडी २००६ ची, टाटा १६१३. सोळा टन वजन आणि एकशेतीस घोडे, म्हणून सोळातेरा. वडिलांनी, म्हणजे नानांनी, कर्ज काढून घेतली होती. त्याआधीच्या जुन्या गाडीत ६९७ इंजिन होतं आणि नाना कौतुकानं फोड करून सांगायचे, सहा सिलिंडर आणि सत्त्याण्णव मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, नावातच सगळं आलं. सोळातेरामध्ये कमिन्सचं इंजिन आलं तेव्हा सुरुवातीला त्यांचा विश्वास नव्हता. नंतर तेच म्हणायला लागले, हे इंजिन आपल्या पोराचं लग्न बघेल. बघितलं.

गुरुवार

नाशिकला आडगाव नाक्यावर मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी इंजिन गरम करून एकेक नोझल काढत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजलं. सहाही सिलिंडर उतरलेत. एखादाच उतरला असता तर रिंग तुटली म्हणता आलं असतं. सगळे सारखे उतरलेत म्हणजे ही झीज आहे. ऑइल प्रेशर मात्र चालत्या इंजिनाला व्यवस्थित.

"भाऊ, खालचा भाग अजून दमदार आहे," मिस्त्री म्हणाले. "पण खोलल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

मेव्हण्यांचा फोन आला. कुर्ल्याला भंगारातल्या गाडीचं उतरवलेलं इंजिन मिळतंय, एक लाख चाळीस हजार, चालू करून दाखवतील. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर, उन्हाळ कांद्याचा हंगाम हातचा जाणार नाही. मोह झाला, खोटं कशाला लिहू? पण चालू होणं वेगळं आणि भरलेल्या गाडीनं घाट चढणं वेगळं. त्या इंजिनानं कोणाच्या हाताखाली किती वर्षं काढली, एकदा तापून हेड वाकलं होतं का, हे कुणाला विचारायचं? शिवाय आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. तो बदलायचा म्हणजे आरटीओच्या फेऱ्या आल्या, आणि आपली गाडी आता दरवर्षी पासिंगला उभी राहते.

टाटांच्या प्रोलाइफ योजनेचीही चौकशी केली. जुनं इंजिन जमा करायचं आणि पुन्हा बांधलेलं घ्यायचं. काम चोख असणार यात मला शंका नाही. पण आमच्या हिशेबाला ते इथं बांधण्यापेक्षा बरंच महाग पडतंय.

मुलगा म्हणतो, पप्पा, विकून टाका, नवीन बीएस सिक्स घेऊ. हप्त्याचा आकडा ऐकल्यावर त्याची आई त्याच्याकडे बघत राहिली, आणि विषय तिथंच थांबला.

शनिवार

आज इंजिन खोललं. दिवसभर तिथंच होतो.

हेड उतरवल्यावर पहिल्या सिलिंडरमध्ये बोट फिरवलं. वरच्या कडेला नख अडकतं, चांगला कंगोरा पडलाय. होनिंगच्या, म्हणजे ऑइल धरून राहावं म्हणून घासून पाडलेल्या, तिरप्या जाळीदार रेघा कुठंच नाहीत, भिंती आरशासारख्या. मिस्त्रींनी डायल गेज घातलं आणि मान हलवली. नुसत्या रिंगा बदलून, म्हणजे हाफ कामात, हे निभणार नाही.

मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडला. खाली अक्षरं निघाली, ०.५०. मी बघतच राहिलो. नानांनी मागे काम केलं तेव्हा मी दुसऱ्याची गाडी घेऊन चेन्नईच्या लाइनला होतो. रिंगा टाकल्या, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. खरं म्हणजे त्यांनी पूर्ण बोरिंग करून अर्धा मिलिमीटर वाढवला होता. किती पैसे गेले ते मला कळू नये म्हणून बोलले नसणार. आता विचारायला नाना नाहीत.

या इंजिनाला लायनर, म्हणजे सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नसतात, ब्लॉकमध्येच बोअर कापायचा असतो. अर्धा मिलिमीटर नानांनी वापरला. आता एक मिलिमीटरचा पिस्टन बसेल, आणि तो शेवटचा. त्यानंतर आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, ठोकावी लागेल.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, अजून स्टँडर्ड, मूळ मापाचा आहे. बेअरिंगांवर तांबं दिसायला लागलंय, पण जर्नल, म्हणजे क्रँकवरच्या बेअरिंगांच्या जागा, गुळगुळीत, पॉलिशवर भागेल. ब्लॉकला कुठं तडा नाही. माझं मन तिथंच निम्मं ठरलं होतं.

खरी गोष्ट मात्र दुपारी सापडली. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, काढला तर पंख्याच्या पात्यांच्या धारा वाळूनं घासल्यासारख्या झिजलेल्या. मिस्त्री काही न बोलता एअर क्लीनरकडे गेले आणि टर्बोकडे येणारा रबरी होज पिळून दाखवला. खालच्या बाजूला, क्लॅम्पजवळ, बोटभर चीर. जानेवारी-फेब्रुवारीत उसाच्या शेतांतून कारखान्याच्या खेपा केल्या तेव्हा गाडी फुफाट्यात बुडालेली असायची. फिल्टर मी वेळेवर बदलत होतो. धूळ फिल्टर चुकवून त्या चिरेतून आत जात होती. रोज सकाळी पाणी बघितलं, ऑइल बघितलं, हवा बघितली, पण त्या होजखालून कधी हात फिरवला नाही.

कुर्ल्याचं इंजिन आणून याच होजला जोडलं असतं, तर पुढच्या ऊस हंगामापर्यंत तेही असंच निळं झालं असतं.

रविवार

रात्री हिशेब मांडला. बोरिंग, होनिंग, पिस्टन-रिंग सेट, बेअरिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह गाइड, पॅकिंग किट, पंप आणि नोझल, मजुरी. एक लाख साठच्या घरात जातंय. टर्बोचं वेगळं. मेव्हण्यांच्या इंजिनापेक्षा वीस हजार जास्त, आणि दोन दिवसांऐवजी बारा दिवस. हंगामातल्या तीन-चार खेपा बुडतील. त्यानंतरही पहिले हजारभर किलोमीटर पूर्ण भार घालायचा नाही, असं मिस्त्रींनी आत्ताच बजावलंय.

तरी बांधायचंच. या ब्लॉकचं काय झिजलं, किती झिजलं आणि कशानं झिजलं, हे मला ठाऊक आहे.

मेव्हण्यांना फोन करून सांगितलं. त्यांना राग आला नाही. क्रँक मॅग्नाफ्लक्सवर तपासून घ्या, एवढं आठवणीनं म्हणाले. बरोबर आहे, डोळ्याला दिसत नाही असा तडा तिथं सापडतो.

पोराला म्हटलं, ०.५० लिहिलेला एक पिस्टन भंगारात देऊ नकोस. त्यानं आधीच डिझेलनं धुऊन कोनाड्यात ठेवला होता.

उद्या आठ वाजता ब्लॉक अंबडला लेथवर. येताना नवा होज आणि चार क्लॅम्प.