बेसमेंटमधलं पाणी आणि प्रिन्स ऑफ वेल्स

परवाच्या पावसात आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी शिरलं. सिंहगड रोडला राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही म्हणा. रॅम्पवर वाळूच्या गोण्या होत्या, पंप होता, वॉचमन रात्रभर जागा होता, तरी सकाळी माझ्या स्कूटरचं फक्त हँडल आणि आरसे दिसत होते. आणि पाणी आलं कुठून, तर रॅम्पवरून नाहीच, भिंतीत केबलसाठी चार इंची पाइप टाकलाय त्यातून! केबल अंगठ्याएवढी, पाइप चार इंची, मधली जागा बिल्डरने बुजवलीच नव्हती. सगळ्यात आधी पॅनल भिजलं, म्हणून लाइट गेले, लाइट गेले म्हणून पंप बंद, आणि मग काय, आनंदच.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, नेव्हीतून रिटायर झालेले, शेवटची काही वर्षं लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर पोरांना डॅमेज कंट्रोल, म्हणजे जहाजाला भोक पडलं, आग लागली तर ते वाचवायचं कसं, ते शिकवायचे. ते गुडघाभर पाण्यात टॉर्च घेऊन उभे, पाइपाकडे बघत म्हणाले, "अरे, प्रिन्स ऑफ वेल्स अशीच गेली."

आता मला या जहाजांचं वेड शाळेपासून. समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो अशा गावात राहून मला कुठल्या युद्धनौकेवर किती इंची तोफा होत्या हे पाठ होतं. माझं गणित सोपं होतं, ज्याची तोफ मोठी आणि चिलखत जाड तो जिंकला. काकांनी त्या दिवशी या गणिताची वाट लावली.

प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे ब्रिटिशांची कोरी करकरीत बॅटलशिप, म्हणजे सगळ्यात मोठ्या तोफांची आणि जाड चिलखताची युद्धनौका, चिलखत जवळपास १५ इंच जाड. १० डिसेंबर १९४१ ला मलायाच्या (आजच्या मलेशियाच्या) किनाऱ्याजवळ ती आणि रिपल्स नावाची तिच्या जोडीची युद्धनौका, दोघींना जपानी विमानांनी गाठलं, वर स्वतःचं एकही विमान नाही. आता तुम्हाला वाटेल त्या १५ इंचाला भोक पाडलं असेल. तर नाही. एक टॉर्पेडो (पाण्याखालून येणारा बॉम्बच) बसला मागे, जहाज ढकलणाऱ्या डाव्या बाजूच्या बाहेरच्या पंख्याच्या शाफ्टजवळ. शाफ्ट वाकला आणि तसाच गरगर फिरत राहिला, फिरता फिरता ज्या ज्या भिंतीतून तो जातो तिथली सगळी सील फाडत गेला. म्हणजे पंख्यापासून इंजिन रूमपर्यंत पाण्याला सरळ बोगदाच मिळाला. जनरेटर बुडाले, वीज गेली, पंप बंद, विमानविरोधी तोफा फिरेनात. जहाज डावीकडे कललं ते वेगळंच. पुढचे टॉर्पेडो नंतर बसले, पण खरं काम पहिल्यानेच केलं होतं. रिपल्सच्या कॅप्टनने डझनाहून जास्त टॉर्पेडो चुकवले, शेवटी तीही गेली. दोन्ही मिळून ८४० माणसं.

"जहाज भोकाने बुडत नाही," काका म्हणाले, "भोक पडणारच, लढाई आहे. पाणी एका खोलीत राहिलं तर जहाज घरी येतं, शेजारच्या खोलीत गेलं की संपलं."

रविवारी ते आमच्याकडे चहाला आले आणि हिला म्हणाले, वहिनी, एक परात द्या. कणीक मळायची मोठी परात. अर्धी पाण्याने भरली आणि मला सांगितलं, ही घेऊन बाल्कनीपर्यंत चालत जा, सांडायचं नाही. गेलात का कधी असे? पहिली चार पावलं ठीक, मग पाणी जरासं उजवीकडे जातं, उजवा हात जड होतो म्हणून परात अजून उजवीकडे कलते, म्हणून अजून पाणी उजवीकडे, आणि मग तुम्ही परात धरलेली नसता, परातीने तुम्हाला धरलेलं असतं. हॉलभर पाणी झालं. मग काकांनी तेवढंच पाणी सहा वाट्यांत ओतून त्या वाट्या परातीत ठेवल्या, आता चाल म्हणाले. एक थेंब नाही सांडला. जहाजाच्या पोटात इतक्या भिंती आणि इतकी घट्ट बंद होणारी दारं का असतात ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी, हातात फडकं घेऊन फरशी पुसताना कळलं.

आणि एकदा हे कळलं की जुने सगळे किस्से वेगळेच दिसायला लागतात. मुसाशी आणि यामातो घ्या, जपान्यांच्या जुळ्या बहिणी, ४६ सेंटीमीटरच्या तोफा, जगातल्या सगळ्यात मोठ्या बॅटलशिप. ऑक्टोबर १९४४ मध्ये मुसाशीला अमेरिकन विमानांनी दोन्ही बाजूंनी टॉर्पेडो मारले, त्यामुळे ती बराच वेळ सरळ राहिली, सकाळी साडेदहाच्या सुमारास पहिला बसला आणि बुडाली संध्याकाळी साडेसातनंतर. ७ एप्रिल १९४५ ला यामातोच्या वेळी अमेरिकन पायलट त्यातून धडा शिकलेले होते, बहुतेक सगळे टॉर्पेडो डाव्या बाजूला. कल सावरायला उजवीकडच्या खोल्यांत मुद्दाम पाणी घेतलं, शेवटी इंजिन रूम भरल्या, आत माणसं असताना. पहिल्या टॉर्पेडोपासून दोन तासांच्या आत ती उलटली आणि मॅगझिनचा, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराचा, स्फोट झाला. तीन हजारांच्या आसपास माणसं.

पाण्याचं हे असं, पण आगीचंही दाराशीच येऊन थांबतं, आणि मला विचाराल तर ही गोष्ट जास्त भयंकर आहे. जानेवारी १९१५, पहिलं महायुद्ध, उत्तर समुद्रातली डॉगर बँकची लढाई, जर्मनांच्या झायडलिट्झ या युद्धनौकेवर मागच्या तोफेच्या बुरुजाखाली गोळा घुसला, तोफेची दारू पेटली. आतली माणसं जीव वाचवायला शेजारच्या बुरुजाकडे जाणारं दार उघडून पळाली, आणि त्यांच्या मागोमाग आग त्याच दारातून आत. दोन्ही बुरूज जळाले, दीडशेच्या वर माणसं खाक. त्यांना काय बोलणार? तुम्ही-आम्ही पण तेच दार उघडलं असतं. हाइडकाम्प नावाच्या पंपमास्टरने तापून लाल झालेल्या व्हॉल्व्हची चाकं हातांनी फिरवून मॅगझिनमध्ये पाणी सोडलं म्हणून जहाज वाचलं.

जर्मन यातून शिकले. ब्रिटिशांचं उलटंच, तोफा भराभर डागायच्या म्हणून मॅगझिनची दारं उघडी आणि कॉर्डाइटच्या, म्हणजे तोफेच्या दारूच्या, थैल्या बाहेर रचलेल्या. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत, त्याच उत्तर समुद्रात, इनडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इनव्हिन्सिबल, तीन बॅटलक्रुझर (तोफा बॅटलशिपसारख्या, चिलखत पातळ, वेग जास्त) एका दुपारी फटाक्यासारख्या उडाल्या. ३३०० माणसं गेली आणि तिन्ही जहाजांवरचे वाचलेले मिळून पीएमटीच्या एका बसमध्ये बसले असते. चौथी, लायन, पण गेलीच असती. तिच्या बुरुजात मेजर हार्वी मरायला टेकलेला, तरी त्याने मॅगझिनची दारं लावून पाणी सोडायची ऑर्डर दिली. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ती आधी जळालेली झायडलिट्झ? जटलंडला तिला वीसच्या वर मोठे गोळे आणि एक टॉर्पेडो बसला, पोटात ५३०० टन पाणी, नाक जवळजवळ बुडालेलं, तरी घरी पोचली.

ब्रिटिशांच्या हुड या बॅटलक्रुझरचं सगळ्यांना माहीत असतं, २४ मे १९४१, मागचं मॅगझिन उडालं, १४१८ पैकी तिघं वाचले, त्यामुळे लांबण लावत नाही. बार्‌हमचा शेवट मात्र शेजारच्या जहाजावरून शूट झालाय, ही पण ब्रिटिशांचीच बॅटलशिप, कलते, माणसं तिच्या पोटावरून धावत असतात आणि मग एकदम धूर. झोपायच्या आधी बघू नका.

सगळ्यात गंमत स्काप्पा फ्लोची, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ब्रिटिश नौदलाच्या बंदराची. पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मन आरमार तिथे नजरकैदेत होतं. २१ जून १९१९ ला जर्मन खलाशांनी स्वतःच समुद्राचे व्हॉल्व्ह उघडले आणि आतली दारं सताड उघडी टाकली, बास. ७४ पैकी ५२ जहाजं तळाला, त्यात बहुतेक सगळ्या बॅटलशिप. ज्यांना जहाज कसं वाचवायचं हे सगळ्यात चांगलं येत होतं त्यांनाच ते बुडवायचं कसं हेही नेमकं माहीत होतं.

सोसायटीने आता त्या पाइपात फोम मारून घेतलाय. काकांनी जाऊन बोटाने दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं. काल रात्री अकराला पावसाची जोरदार सर आली तेव्हा मी खिडकीतून बघितलं, खाली बेसमेंटकडे एक टॉर्च चालला होता, आणि दुसऱ्या हातात लाकडी खुंटी आणि हातोडा.