जपानी क्रियापदांची वही, आठवडा १९: फुटणे आणि फोडणे

या आठवड्यात नवे शब्द जेमतेम बारा झाले. पण एक जुनी गाठ सुटली, म्हणून ही नोंद जरा लांबणार आहे.

चार महिने मी क्रियापदं सुटी सुटी पाठ करत होते. 'अकेरु' म्हणजे उघडणे. मग वाचताना 'अकु' भेटलं, त्याचाही अर्थ उघडणे. वहीत दोघांसमोर एकच मराठी शब्द, आणि वाक्य करताना दर वेळी अंदाजपंचे एक उचलायचं. मराठीत 'दार आपोआप उघडलं' आणि 'मी दार उघडलं' या दोन्हींत क्रियापद तेच राहतं, त्यामुळे मला फरक दिसलाच नव्हता. जपानीत पहिलं होतं 'दोआ गा अइता', दुसरं 'दोआ ओ अकेता'. शब्दही बदलला आणि दारापाशी कर्ता दाखवणाऱ्या 'गा'च्या जागी कर्म दाखवणारा 'ओ' आला.

मग शाळेतलं अकर्मक-सकर्मक पुन्हा उघडून बसले. तेव्हा मी 'काय?' विचारायची आणि उत्तर आलं की सकर्मक ठरवून मोकळी व्हायची. पण 'काच फुटली' या वाक्यात काय फुटलं विचारलं तरी 'काच' हे उत्तर येतंच, आणि क्रियापद तर अकर्मक! आधी कर्ता शोधायला हवा. धातूला 'णारा' लावून पाहायचं: फुटणारी कोण? काच. म्हणजे काच हीच कर्ता, कर्म उरलंच नाही. 'मुलाने काच फोडली' यात फोडणारा मुलगा, आणि फोडण्याची क्रिया सोसणारी काच, ते कर्म. ही पायरी मी इतकी वर्षं गाळत होते.

जपानीतली नावं मला फार आवडली. क्रियापद म्हणजे 'दोशि', त्यातल्या चिन्हांचा अर्थ हलणारा शब्द. अकर्मक ते 'जिदोशि', सकर्मक ते 'तादोशि'. 'जि' म्हणजे स्वतः, 'ता' म्हणजे दुसरा.

आता वहीत जोड्याच लिहिते, आणि समोर मराठी जोडी. वारेरु-वारु: फुटणे-फोडणे. ओचिरु-ओतोसु: पडणे-पाडणे. किएरु-केसु: विझणे-विझवणे. जोडीतलं एक 'सु'ने संपत असेल तर ते सकर्मक, हे आतापर्यंत दर वेळी जुळलंय. 'एरु'वर मात्र भिस्त ठेवू नका. अकु-अकेरु मध्ये 'एरु'वालं सकर्मक आहे, वारेरु-वारु मध्ये अकर्मक.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो मिरु-मिएरु ला. पाहणे आणि दिसणे! किकु-किकोएरु म्हणजे ऐकणे आणि ऐकू येणे. 'वाकारु'चंही तसंच, ते आपलं 'कळणे'. 'मला जपानी कळतं' मध्ये 'जपानी'ला कर्माचा प्रत्यय लागत नाही, तिथेही 'निहोंगो गा वाकारु', 'ओ' नाही. इंग्रजीतून अर्थ पाठ करत होते तेव्हा इथे हमखास 'ओ' घालायची. 'कळणे' लिहिल्यापासून ती चूक थांबली.

मात्र मराठीचा 'ने' बघून सकर्मक ओळखायला जाल तर फसाल. 'तिने पत्र लिहिलं' ठीक, पण 'ती धडा शिकली', 'ती नाव विसरली' यांत कर्म असूनही 'ने' नाही. मी दोन दिवस याच खुणेवर विसंबून होते.

एक प्रकार अजून हाताखालचा झालेला नाही. 'मादो गा अइते इरु' म्हणजे खिडकी उघडी आहे, एवढंच. 'मादो गा अकेते आरु' म्हणजे खिडकी उघडून ठेवली आहे, कुणीतरी मुद्दाम, काही हेतूने. इथे क्रियापद सकर्मक असूनही खिडकीपाशी 'गा' येतो. हे आपल्या 'ठेवणे'च्या अर्थाला इतकं जवळ आहे, की समजायला पाच मिनिटं लागली. बोलताना मात्र अजून अडखळते.

पुढच्या आठवड्यात कावारु-काएरु, दोन्हींचा अर्थ बदलणे, आणि मराठीत पुन्हा एकच शब्द. शिवाय परतणे यालाही 'काएरु'च म्हणतात. लिहिण्याचं चिन्ह वेगळं, रूपं चालवण्याचा गटही वेगळा: बदलण्याचं 'काएते' होतं, परतण्याचं 'काएत्ते'. दोघांना वहीत समोरासमोर लिहून ठेवलंय.