मतपत्रिका त्याच, पहिली वेगळी

सकाळच्या मोजणीत कॅथरीन हेपबर्न पहिली होती. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत बार्बरा स्टॅनविक पहिली झाली, आणि मधल्या वेळात एकही नवी मतपत्रिका आली नव्हती. हॉलिवूडच्या सुवर्णकाळातले २५ नट आणि २५ नट्या अशी क्रमवारी दिवाळी अंकात द्यायची होती. मतं समीक्षकांची, फिल्म सोसायटीवाल्यांची आणि सिनेमा शिकवणाऱ्यांची, मोजणी माझ्याकडे.

अशा याद्यांचा निम्मा निकाल मत पडण्याआधीच लागलेला असतो, कारण कुणाला मत देता येईल हे नियम ठरवतो. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ साली अशीच २५-२५ जणांची यादी केली. त्यांची अट अशी: पडद्यावरचं पदार्पण १९५० किंवा त्याआधीचं हवं, किंवा नंतरचं असलं तरी मृत्यूमुळे कारकीर्द पूर्ण झालेली हवी. ग्रेस केलीचा पहिला चित्रपट १९५१चा. ती १९८२ साली गेली नसती, तर तिचे अकराच्या अकरा चित्रपट बाद. जेम्स डीनचंही तेच. पॉल न्यूमन १९५४ साली आला आणि १९९९ साली हयात होता, म्हणून त्या यादीत त्याचा विचारच होऊ शकला नाही. तो २००८ साली गेला. मग आज तोच नियम उचलून लावावा, तर कितीतरी नंतर आलेला, आता हयात नसलेला रॉबिन विल्यम्ससुद्धा ‘सुवर्णकाळात’ येऊन बसतो! म्हणून आम्ही मृत्यूच्या सवलतीला १९६०च्या पदार्पणाची मर्यादा घातली. न्यूमन आत, विल्यम्स बाहेर. सोफिया लोरेनने थोडा घोळ घातला. १९५० साली ती इटालियन चित्रपटांत किरकोळ भूमिकांत दिसली, पण तिचा पहिला हॉलिवूडपट १९५७चा. पदार्पण कुठल्याही देशातलं चालेल, पण मत अमेरिकन कामाला, असं ठरलं.

दुसरी अट लांबीची. इन्स्टिट्यूटप्रमाणेच आम्हीही ४० मिनिटं किंवा त्याहून मोठा तो पूर्ण लांबीचा चित्रपट धरला होता. बोलपटाला हे सरळ आहे. मूकपटाला नाही, कारण त्याची लांबी मिनिटांत नसते, फुटांत असते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे हजार फुटांच्या एका रिळात १६,०००. सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने हे रीळ जवळजवळ १७ मिनिटं चालतं, २४च्या वेगाने ११. तीन रिळांचा चित्रपट एका यंत्रावर ५० मिनिटांचा, दुसऱ्यावर ३३ मिनिटांचा. चॅप्लिनचा १९१८ सालचा ‘शोल्डर आर्म्स’ नेमका तीन रिळांचा आहे. डीव्हीडीच्या वेष्टनावरचा आकडा बघून असे चित्रपट आतबाहेर करणं म्हणजे चित्रपटाची लांबी न बघता, फिल्मवरून डीव्हीडी करणाऱ्याने निवडलेला वेग बघणं. आम्ही मिनिटं सोडली आणि चार रिळं किंवा जास्त असं धरलं. त्याने चॅप्लिनला धक्का बसत नाही, पण बस्टर किटनच्या १९२०नंतरच्या दोन-दोन रिळांच्या उत्तम विनोदी लघुपटांना मत देता येत नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

आता मोजणी. पहिली अडचण सिनेमाची नव्हती, टायपिंगची होती. एक्सेलच्या तक्त्यात फ्रेड ॲस्टेअर दोनदा आला, दोन्ही ठिकाणी निम्म्या-निम्म्या मतांसह. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसत होती. काही कीबोर्डवर ‘ॲ’ हे एकच स्वतंत्र अक्षर उमटतं. काहींवर आधी ‘अ’ आणि मग वर चंद्र जोडला जातो. कागदावर फरक शून्य, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं आणि युनिकोडचं (म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांचं) नेहमीचं सामान्यीकरण चालवलं तरी ती एक होत नाहीत. ती शोधा-बदला करूनच एक करावी लागतात. त्यावर हेपबर्न, हेप्बर्न, हेपबर्ण. नुसतं ‘हेपबर्न’ लिहिलेल्या पत्रिका वेगळ्याच: कॅथरीन की ऑड्री? ‘बॅरिमोर’ लिहिणाऱ्याला जॉन हवा की लायोनेल? अशी मतं अंदाजाने कुणाच्या खात्यात टाकायची नाहीत, मतदाराला फोन करायचा. खरा उपाय आधीच करायचा असतो: छापील यादी द्यायची, प्रत्येक नावाला क्रमांक द्यायचा आणि मतदाराने फक्त क्रमांक लिहायचा. शिवाय प्रत्येक गठ्ठ्यात नावांचा क्रम फिरवायचा, नाहीतर यादीच्या वरच्या नावांना फुकटचा फायदा होतो.

नावं एक झाल्यावर गुण. सकाळी पहिल्या पसंतीची मतं मोजली. हेपबर्न निर्विवाद पुढे. स्टॅनविक पहिल्या दहातही नाही. मग गुणांची पद्धत लावली: पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला २४, पंचविसाव्याला १. स्टॅनविक थेट वर. कारण पत्रिका चाळताना दिसत होतं. तिला पहिलं स्थान क्वचितच कुणी दिलं होतं, पण पाचव्या-सहाव्या जागी ती जवळजवळ प्रत्येकाकडे होती. गुन्हेपट, विनोदी, वेस्टर्न, रडकथा, ज्याला जे आवडतं त्यात ती आहेच. १९४१ या एका वर्षात तिचे चार चित्रपट लागले. ऑस्करची चार नामांकनं, स्पर्धेतलं एकही नाही, शेवटी मानद. हेपबर्नला चार ऑस्कर, पण तिच्यावर नाक मुरडणारेही होते आणि त्यांनी तिला यादीतच घेतलं नव्हतं.

हिशेब साधा आहे. समजा दहा पत्रिका आहेत. तिघांनी ‘अ’ला पहिलं ठेवलं, बाकी सातांनी घेतलंच नाही: ७५ गुण. ‘ब’ दहाही जणांकडे पाचवी: २१ गुणिले १०, म्हणजे २१०. आता पहिल्याला १, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एकतृतीयांश असे गुण द्या. ‘अ’ला ३, ‘ब’ला २. पारडं फिरलं. २५ ते १ गुणांच्या पद्धतीत चोविसावा आणि पंचविसावा यांच्यातलं अंतर पहिल्या-दुसऱ्याइतकंच धरलं जातं, हा तिचा दोष. पंधरानंतर बहुतेक जण आठवतील ती नावं भरतात. अपूर्णांकाच्या पद्धतीत ती भरताड निरुपद्रवी होते, पण थोड्या कडव्या चाहत्यांच्या हातात सगळं जातं. आम्ही अपूर्णांकाची पद्धत स्वीकारली, हेपबर्न पुन्हा पहिली आली, आणि गुणांच्या पद्धतीतला क्रम शेजारच्या रकान्यात छापायचं ठरलं. १९९९च्या यादीतही हेपबर्नच पहिली आहे, स्टॅनविक अकरावी.

निकालाला तिकीटबारीचा पडताळा लावून बघायचा मोह होतो. थिएटरमालकांच्या मतांवर चालणारी क्विग्ली या प्रकाशनसंस्थेची पाहणी १९३२ साली सुरू झाली. बिंग क्रॉस्बी १९४४ ते १९४८ सलग पाच वर्षं तिथे पहिला, डोरिस डे चार वेळा पहिली. १९९९च्या यादीत दोघंही नाहीत. उलट मे १९३८मध्ये थिएटरमालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन ज्यांना तिकीटबारीचं विष ठरवलं, त्यांत हेपबर्न, गार्बो, डीट्रिक, क्रॉफर्ड आणि मे वेस्ट होत्या. पाचही जणी इन्स्टिट्यूटच्या पहिल्या पंधरात आहेत. म्हणून गल्ल्याचे आकडे आम्ही गुणांत मिसळले नाहीत, तळटीपेत ठेवले.

मूकपटांचं मात्र काही करता येत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३च्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळातल्या जवळपास ११,००० अमेरिकन मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात १४ टक्केच पूर्ण उरलेत. थीडा बारा एके काळची प्रचंड मोठी तारका, चाळीसहून जास्त चित्रपट. १९३७ साली न्यू जर्सीतल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि त्यांतले बहुतेक गेले. जे कुणी पाहिलंच नाही त्याला मत कोण देणार?

दुपारी प्रुफं आली त्यात नटी मर्ल ओबेरॉनचं जन्मस्थान टास्मानिया लागलं होतं. ते तिनेच आयुष्यभर सांगितलेलं. जन्म १९११चा, मुंबईचा. ते बदललं. ती पंचविसांत नव्हती, पानावरच्या चौकटीतल्या मजकुरात होती.

राहिली बरोबरी. ऑस्करमध्ये १९३२ साली फ्रेडरिक मार्चला वॉलेस बीरीपेक्षा एक मत जास्त होतं, पण तेव्हा तीन मतांच्या आतला फरक बरोबरी धरायचे, म्हणून दोघांनाही पुरस्कार मिळाला. आम्ही असं काही न करता दोन नट्यांना १९ क्रमांक दिला, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत समान असल्यामुळे. त्यानंतरचा क्रमांक २१ येतो, २० नाही. हे डीटीपीवाल्याला दोनदा सांगावं लागलं, तरी शेवटच्या प्रुफात २० होतंच.