ड्रेसिंग रूमबाहेरची रांग आणि न भरणारी जखम

पावसाळ्यात रेल्वेच्या पुलावर पाय घसरला आणि लोखंडी पायरीच्या कडेने नडगी सोलून निघाली. धनुर्वाताचे इंजेक्शन, रक्तातील साखरेची तपासणी वगैरे सोपस्कार लगेच उरकले. सुरुवातीची लाली, सूज आणि ठणका यांबद्दलही माझी तक्रार नाही, कारण दाह ही शरीराची साफसफाई असते: रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात, आणि मगच तळाशी लाल, दाणेदार कोवळे मांस धरू लागते.

घोडे अडले ते घराजवळच्या एका रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूमपाशी. केसपेपरच्या खिडकीशी एक रांग, ड्रेसिंग रूमबाहेर दुसरी, आणि आत गेल्यावर मिनिटभराचे काम. कोरडे गॉज जखमेला घट्ट चिकटलेले असे. ते न भिजवता हिसक्याने ओढले की आधी धरलेले कोवळे मांस आणि कडेने सरकू लागलेली नवी त्वचा त्याच्याबरोबर निघून येई, आणि गॉजच्या जाळीत लाल ठिपके उमटलेले दिसत. म्हणजे शरीराने पुन्हा रक्त गोठवण्यापासून सुरुवात करायची! ‘‘भिजवून काढा ना,’’ असे म्हटले, तर ‘‘काका, बाहेर रांग बघितलीत का?’’ हे उत्तर ठरलेले. ती रांग मी तासभर बघूनच आत आलो होतो.

जखमा कशा भरतात याचा अभ्यास करणारे संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेला प्रयोग 1962 सालचा आहे. पॉलिथिनच्या पापुद्र्याखाली ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने त्वचा चढली, कारण खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओलाव्यात पेशी सहज सरकतात. इतकी जुनी गोष्ट ड्रेसिंगच्या टेबलापर्यंत पोचू नये, याची चीड अजून जात नाही.

अखेर डॉक्टरांकडून ‘सलाईनने भिजवून काढणे, पॅराफिन गॉज लावणे’ (म्हणजे जखमेला न चिकटणारे, मेणचट गॉज) असे केसपेपरवरच लिहून घेतले. लेखी असले की कोणी वाद घालत नाही. दोन्ही वस्तू केमिस्टकडून घेऊन जात असे, आणि त्यानंतर मात्र जखम झपाट्याने भरू लागली.

घरी हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढत बसू नये, त्याने निरोगी पेशीही मरतात. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर रांगेत न थांबता थेट कॅज्युअल्टीत जावे. आणि हे खरे तर आधी सांगायला हवे होते: जखम घेऊन तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) प्रतिबंधक गोळीबद्दल 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. पट्टी सुटली तरी व्रणाची ताकद वाढायला महिने लागतात आणि ती मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्क्यांपलीकडे जात नाही, तेव्हा विरार लोकलच्या दारातली धक्काबुक्की काही काळ टाळलेलीच बरी.