सुतळीवरची सहासष्ट सेंटीमीटर

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती मैदानावर ताणलेली सुतळी. १९७६ साली, आम्ही नववीत असताना, भूगोलाच्या सरांनी दहा कोटी वर्षांना एक मीटर असा हिशेब धरून पृथ्वीच्या सुमारे ४५५ कोटी वर्षांसाठी साडेपंचेचाळीस मीटर सुतळी मोजून घेतली आणि ती फाटकापासून घंटा टांगलेल्या लिंबापर्यंत बांधली. गाठी मारायचे काम माझ्याकडे होते.

लिंबाकडचे टोक म्हणजे आज. तिथून सुमारे पस्तीस मीटरवर सूक्ष्मजीवांच्या जुन्या खुणा, चोवीस मीटरच्या आसपास हवेत प्राणवायू साचू लागल्याचा काळ, आणि नाना प्रकारच्या प्राण्यांची गर्दी थेट ५.४ मीटरवर. (आकडे आजचे देतो आहे.) मधली मोकळी सुतळी पाहून मागून एकाने विचारले, "सर, हितं सुट्टी हुती काय?" डायनोसॉरच्या अंताची गाठ मी सहासष्ट सेंटीमीटरऐवजी साडेसहा मीटरवर मारली होती. सरांनी ती सर्वांदेखत माझ्याकडूनच सोडवून घेतली. माणसाच्या वाट्याला शेवटचे तीन मिलिमीटर आले. शिलाहारांच्या काळचा म्हणून ज्याचा आम्हाला अभिमान, तो अजिंक्यतारा तर सुतळीच्या एका तंतूतही हरवला.

पुढे मी विंधनविहिरींच्या धंद्यात पडलो. बोअर घेताना कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर काळीकरडी भुकटी वर येत राहते आणि मग एकाएकी तांबडा चिखल येऊ लागतो. हा थर मऊ असल्याने ढासळतो, त्यामुळे बिट अडकण्याची धास्ती असते आणि चालक शिव्या घालतो. मला मात्र सरांनी डोंगरउतारावर दाखवलेली तांबडी पट्टी आठवते: लाव्हाचा एक थर निवला, त्यावर माती तयार होण्याइतका काळ गेला आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर पसरून ती भाजली गेली. खाली पुन्हा कातळ लागतो, कधी मांजऱ्या, ज्याच्या वायूने झालेल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचे पांढरे खनिज भरलेले असते. असे थरांवर थर रचले जाऊन महाबळेश्वरपर्यंतचा डोंगर उभा राहिला, आणि त्यातला बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत बाहेर पडला. सुतळीवर तो जेमतेम एक सेंटीमीटर. मेक्सिकोजवळ मोठी उल्का आदळली ती याच सुमारास. पण सरांनी आम्हाला शिकवले तेव्हा उल्केमुळे डायनोसॉर संपले हा सिद्धान्त मांडलाच गेलेला नव्हता, तो १९८० मध्ये आला.

मला खरे चकित केले ते कोयनेने. १९६७ च्या भूकंपाचा धक्का आमच्या पिढीच्या अंगात अजून आहे. त्या भूकंपांचा उगम समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी तिथे खोल छिद्रे घेतली, तेव्हा काही ठिकाणी किलोमीटरहून अधिक खोलीवर बेसाल्ट, म्हणजे निवलेल्या लाव्हाचा हा काळा कातळ, संपला आणि त्याला लागूनच ग्रॅनाइटासारखा खडक मिळाला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. म्हणजे बिट हातभर खाली सरकते आणि सुतळीवर आपण सहासष्ट सेंटीमीटरवरून पंचवीस मीटरच्या पलीकडे जातो. मधल्या काळाचा थर तिथे उरलेलाच नाही. त्या विद्यार्थ्याने विचारलेली सुट्टी मला इथे सापडली.

आमचे यंत्र त्या खडकाच्या जवळपासही जात नाही. तीनशे फुटांपर्यंत पाणी लागले तर लागले, नाहीतर शेतकरी हात वर करून म्हणतो, "बास, आता थांबवा."