वर्गणी ते सीएसआर: आमची वाटचाल

मनोरुग्णांसाठी संस्था काढतोय म्हटल्यावर सोलापुरात कुणी हाकलून दिलं नाही. पैसे द्यायचे, पण पावतीवर नाव नको म्हणायचे. त्यांच्याच घरात कुणी आहे असा बोभाटा झाला तर पोरीचं लग्न अडेल, ही भीती. मी तेव्हा एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायचो. पहिली काही वर्षं संस्था चालली ती ओळखीच्या कारखानदारांच्या अशा बिननावाच्या वर्गणीवर. जागाही एका कारखान्याच्या माळ्यावर मिळाली. खाली माग सुरू झाले की वर ओरडून बोलावं लागे. एका अर्थी बरंच, वरचं बोलणं खाली जात नसे.

काम एका वाक्यात सांगायचं तर, सिव्हिलमधून सुरू झालेल्या गोळ्या मध्येच सुटू द्यायच्या नाहीत. माणसाला बरं वाटलं की गोळ्या सुटतात. मागावर पेंग येते म्हणून सुटतात. देवऋषी सांगतो म्हणूनही. आजार उलटला आणि भरती करायची वेळ आली, तर राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं जवळचं येरवडा, अडीचशे किलोमीटरवर. रोजंदारी बुडवून तिकडे कोण किती वेळा जाणार?

विडी कामगार बायकांना आमच्याकडे यायला सवडच नसते. मजुरी हजार विड्यांवर. म्हणून आमची समुपदेशक त्यांच्या दारात जाऊन बसते. या बायका बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या आणि तिचीही तेलुगू घरची, त्यामुळे निम्मं काम तिथंच होतं. समोरच्या बाईच्या मांडीवर सूप, कात्रीनं पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं चालूच. वर बघावं लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. समुपदेशक आधी विचारते, "छाट किती निघाली?" छाट म्हणजे बाद ठरलेल्या विड्या. कारखान्यात विड्या जास्त बाद व्हायला लागल्या की समजायचं, झोप उडालीय किंवा घरात काहीतरी बिनसलंय. तब्येतीचं विचारलं तर सगळ्या "बरं आहे" म्हणतात.

कोरोनानंतर वर्गणी आटली. देणाऱ्यांचेच माग बंद पडले, कुणाकडे मागणार? मग सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे वळलो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हे ऐकून माहीत होतं. ती घ्यायला आपल्याकडे काय काय लागतं, ते तेव्हा कळलं. प्राप्तिकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, आणि १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी. धर्मादाय कार्यालयात आमचा विश्वस्त बदलाचा चेंज रिपोर्ट पडून होता. तो मार्गी लागेपर्यंत, आम्ही जिच्याकडे गेलो त्या कंपनीनं फाइल उघडलीसुद्धा नाही.

कंपनीची मंडळी भली होती. त्यांना गाडी द्यायची होती, दोन्ही बाजूंना नाव रंगवून. आता अशी गाडी गल्लीत उभी राहिली की कुणाकडे आली हे अख्ख्या गल्लीला कळणार. शिवाय त्यांना पेशंटचे आधीचे आणि नंतरचे फोटो हवे होते. मी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ पुढे ठेवला. कलम २३मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे. फोटोऐवजी किती जणांच्या गोळ्या अखंड चालू आहेत आणि किती जण कामावर परतले, एवढं कळवू म्हटलं. गाडी नको, दोन पगार आणि रिक्षाभाडं द्या. पगाराला पैसे द्यायला सगळेच नाखूश असतात, पण या कामात माणूस हीच मशिनरी. बऱ्याच बैठकांनंतर ते मानले.

आमच्यातल्याच एकाचं म्हणणं होतं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक २०२२पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मग आपली गरज काय? तो क्रमांक आम्ही प्रत्येक घरी लिहून देतो. पण घरातला एकुलता मोबाइल नवरा कामावर घेऊन जातो, त्याचं काय?

कंपनीचा हप्ता तिमाहीला येतो आणि पगार एक तारखेला द्यावा लागतो, त्यामुळे वर्गणी बंद केलेली नाही. विश्वस्तांत आता एका पेशंटची आई आहे. पेशंट येतात ते आपलं सेंटर रविवारी बंद का, असं तिनं पहिल्याच बैठकीत विचारलं; मुलगा त्याच दिवशी दिवसभर घरात बसून असतो. रविवारचा खर्च करारात बसत नाही. तो वर्गणीतून करायचं ठरलंय, आणि पुढच्या महिन्यापासून रविवारी सकाळी सेंटर उघडं राहील.