कर्ता नसलेली वाक्यं

रविवार, रात्र.

इजिप्तच्या सुनअल्ला इब्राहीमच्या अरबी कादंबरीपाशी, ‘तिल्क अर-राइहा’पाशी, म्हणजे ‘तो वास’पाशी, पुन्हा आज. कादंबरी तुरुंगाची म्हणतात, पण सुरुवातच सुटकेने होते. अधिकारी विचारतो, राहणार कुठे? पत्ता नाही. भाऊ घेत नाही, मित्र घेत नाही, म्हणून सुटलेला माणूस पुन्हा कोठडीत. मग बहीण जामिनाला उभी राहते आणि खोली मिळते. सूर्यास्तानंतर मात्र घरातच राहायचं. रोज रात्री पोलीस दार वाजवतो, वहीत सही होते. तुरुंगाच्या भिंतींऐवजी एक वही, बस्स.

लेखकाचं स्वतःचं असंच झालं होतं. इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर याने 1959 च्या आरंभी कम्युनिस्टांची धरपकड केली, त्यात तोही पकडला गेला. सात वर्षांची शिक्षा, त्यातला मोठा काळ पश्चिमेच्या वाळवंटातल्या अल-वाहात तुरुंगात. 1960 मध्ये त्याचा साथीदार शुह्दी अतिय्या अबू झाबलच्या तुरुंगात मारहाणीत मेला. 1964 मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चोव्ह अस्वान धरणाच्या कार्यक्रमाला येणार, म्हणून सगळे सुटले. इब्राहीमने तुरुंगात सिगरेटच्या कागदांवर केलेल्या नोंदी बाहेर आल्या आणि पुढे ‘वाहातची रोजनिशी’ म्हणून छापल्या गेल्या. कादंबरीचा कोरडा सूर त्याच नोंदींतला आहे, असं माझं मत. कागद बोटभर असला की विशेषणं आपोआप गळतात.

कादंबरीची 1966 ची आवृत्ती जप्त झाली. युसुफ इद्रीससारख्या नावाजलेल्या कथाकाराची प्रस्तावना असूनही. याह्या हक्कींसारखा जाणता लेखक तर चिडला, हस्तमैथुनाच्या उल्लेखापेक्षाही दुसऱ्या दिवशी जमिनीवर उरलेल्या त्याच्या खुणांच्या वर्णनावर. गटाराच्या वासाचा राग त्याला का आला नाही, कोण जाणे. पूर्ण संहिता थेट 1986 मध्ये आली.

मराठीत आणायची तर अडचण वेगळी. अरबी क्रियापदाच्या शेपटातच ‘मी’ असतो: नहद्तु, उठलो. इंग्रजीला दर वाक्यात ‘आय’ मांडावा लागतो आणि निवेदक नको तेवढा मोठा होतो. मराठीला ती सक्ती नाही, ‘उठलो’ पुरतं. पण सकर्मक भूतकाळात आपलं क्रियापद कर्माशी जुळतं, कर्ता गळाला की पत्ताच लागत नाही. साधारण असं:

दार वाजलं. उठलो. दार उघडलं. वही दिली. सही केली.

पहिल्या तीन वाक्यांत काही बिघडत नाही, उलट हातच नसलेला माणूस दार उघडतो असं वाटतं, ते या पुस्तकाला शोभतं. चौथ्यापासून गोंधळ. वही कोणी कोणाला दिली? दर वाक्यात ‘मी’ पेरला तर कोरडेपणा संपतो. ‘आणि’, ‘मग’, ‘तेव्हा’ घालून सांधलं तर त्याहून वाईट, कारण मूळ वाक्यं एकमेकांना ओळखत नाहीत. त्यापेक्षा फक्त पोलिसाला सर्वनाम द्यावं: ‘वही दिली. त्याने सही केली.’ निवेदक बिनकर्त्याचाच राहू दे.